सत्तावीस नंबरचा खांब

पतरानी काकीला निवांत बसलेलं पाहिलंय असं छातीठोक सांगणारा माणूस बेलभरियात सापडायचा नाही. जेवायची तीही उकिडवी, एक पाय उंबऱ्याच्या बाहेर ठेवून. तांदळाच्या जाँडचा, म्हणजे घरच्या दारूचा, पेला हातात घेतला तरी अर्धा आपल्या अंगणात प्यायची आणि उरलेला शेजारच्यांच्या. तिचा नवरा होता तोवर सांगायचा, "हिला मांडवात बसवायला चौघी लागल्या होत्या. दोघींनी खांदे धरले, दोघींनी पाय." नवरा गेला, मुली लग्न होऊन नांदायला गेल्या, पायातली भिंगरी तेवढी तिच्याजवळ राहिली.

अशा बाईला गावानं बडघर केलं. माघीच्या सणाला डुकराचं मटण आणि तांदळाच्या पिठाची वाफवलेली ढिकरी पोटात गेली की आमचं थारूंचं गाव एका अंगणात जमतं आणि पुढच्या माघीपर्यंत कुणाच्या शब्दानं चालायचं ते ठरवतं. तो माणूस बडघर. कालव्याला पाणी कधी सोडायचं, बांधाच्या भांडणात कोण चुकलं, जंगलाकडचं कुंपण कुणी नीट करायचं, सगळं त्याच्या शब्दावर. पाच वर्षं बडघरच्या मानाची काठी फिरुलालकडे होती. दोन माघींपूर्वी गावानं ती त्याच्या हातातून काढली आणि पतरानीला दिली.

"काठी बाईच्या हातात शोभते का?" फिरुलाल सगळ्यांदेखत म्हणाला.

"शोभायला कशाला, कुत्री हाकायला घेतलीय," पतरानी म्हणाली. "तू जरा लांब उभा राहा."

अंगण पोट धरून हसलं. फिरुलालही हसला, पण त्यानं ते मनात ठेवलं.

तिला काठी मिळाली ती जिभेमुळे नव्हे, जंगलामुळे. आमच्या गावाच्या उत्तरेला खैरी नाला आणि नाल्यापलीकडे निकुंज, म्हणजे सरकारचं राखीव अरण्य. त्यात गेंडे आहेत, हत्ती आहेत, आणि वाघ तर आता इतके झालेत की काठमांडूचे साहेब दर मोजणीला पेढे वाटतात. मोजणी त्यांची, शेजार आमचा. या शेजाराचे कायदे गावात कुणाला कळत असतील तर ते पतरानीला.

शिकली म्हणावी तर शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. कायदा तिच्या अंगावरूनच गेलेला होता. नऊ वर्षांची असताना बबईच्या खोऱ्यात तिचं गाव होतं. एके दिवशी सरकारी माणसं आली, रानात खुंट्या ठोकल्या आणि म्हणाली, या खुंट्यांच्या आत आता जनावरं राहतील, तुम्ही बाहेर. बापानं घराची चौकट उखडून बैलगाडीत घातली आणि सगळी खाली मैदानात आली. कुणी खुंटी ठोकू लागलं की जाऊन बघायचं, हे ती तेव्हापासून शिकली. चोवीस वर्षांची असताना खैरीच्या काठानं निकुंजाच्या हद्दीचे सिमेंटचे खांब बसवले, तेव्हा मजुरीवर तीच होती. बांबूला खांब टांगून सहा बायका एक खांब न्यायच्या. मोजणीवाल्या साहेबानं टेपचं शून्याचं टोक धरायला नेमकं हिलाच उभं केलं. तो तिकडून ओरडायचा, "हलू नकोस ग बाई, तुझ्या पायांपायी देशाची हद्द हलेल." तिसाव्या वर्षी निकुंजात निउरो खुडताना तिथं पहाऱ्याला असणाऱ्या सैनिकांनी पकडलं आणि दोन दिवस चौकीत बसवून ठेवलं. ती म्हणायची, शिक्षा कोंडल्याची नव्हती, बसवल्याची होती. निउरो म्हणजे ओलाव्यात उगवणारी, शेंड्याला गुंडाळी असलेली कोवळी भाजी. चैतात तिच्यासाठी आमची माणसं जीव टाकतात.

या चैतात जोखननं खरोखर टाकला.

जोखन आणि त्याची बायको सगुनी पहाटे उजाडता उजाडता खैरी उतरून पलीकडे गेली होती. पाणी गुडघाभर. पलीकडच्या वाळूवर, सेमलाच्या मोठ्या झाडाच्या अलीकडे निउरो दाट होता. सगुनीची टोपली भरत आली होती. जोखन दहा पावलांवर वाकलेला होता. तिला आवाज आला तो नवऱ्याचा नव्हे, गवताचा. मग तिनं किंचाळत पाणी ओलांडलं. गाव ढोल, पत्रे, कोयते घेऊन धावलं. पुढे पतरानी. गलबल्यानं वाघ हटला. जोखनला घोंगडीत घालून अलीकडे आणला आणि गावाच्या सामुदायिक वनात सिसवाच्या झाडाखाली ठेवला. तिथंच त्यानं शेवटचा श्वास घेतला, असं काहीजण म्हणतात. सगुनी म्हणते, तो पलीकडेच गेला होता.

पतरानी बडघर होती, आणि बडघरला रडायच्या आधी विचार करावा लागतो. कायदा असा, की जनावरानं माणूस गावात, शेतात किंवा सामुदायिक वनात मारला तर सरकार जबाबदार. घरच्यांना राहत, म्हणजे भरपाईचे पैसे, मिळते, पोरांच्या शाळेचं बघतात. माणूस परवानगीशिवाय निकुंजाच्या आत मेला तर काही नाही. उलट त्याचं नाव घुसखोरांच्या वहीत चढतं आणि घराचं खर कापायचं कार्ड जातं, म्हणजे वर्षातून एकदा छपरासाठी गवत आणायला उघडतात ते दारही बंद. वाघ तोच, माणूस तोच, दात तेच. फक्त पाय कुठं होते तेवढं विचारतात.

तिनं सिसवाच्या मुळाशी सांडलेलं रक्त पाहिलं, सगुनीकडे पाहिलं आणि तोंडातून शब्द निघून गेला.

"इथंच झालं. या सिसवाखाली. सगळ्यांनी ऐकलं ना?"

सगळ्यांनी ऐकलं. कुणी मान हलवली, कुणी खाली घातली. दुपारी रेंजर ढकाल साहेब आले. पहाडातला ब्राह्मण, पण पंधरा वर्षं या मुलखात काढलेली, आमची बोली आमच्यासारखी बोलणारा माणूस. त्यांनी पंचनामा लिहिला. पहिली सही बडघरची असते. पतरानीला सही येते, वळणदार येते, तिचा तिला अभिमान होता. तिच्या मागून गावच्या अकरा जणांनी सह्या-अंगठे केले. फिरुलाल त्या दिवशी सासुरवाडीला होता. आमचा गुरुवा, म्हणजे गावचा देवऋषी बरखूबा, हजर होता. पण तो कागदाला अंगठा लावतच नाही, अंगठ्यातली शक्ती जाते म्हणतो.

ढकाल साहेबांनी सिसवाभोवती दोन फेऱ्या मारल्या. "ओढत नेल्याची खूण दिसत नाही, काकी," ते म्हणाले.

"एवढं गाव तुडवून गेलंय, खूण राहील कशी?"

"हं," साहेब म्हणाले, आणि कागदाची घडी केली.

त्या दिवसापासून काकीच्या पायांनी ताळतंत्र सोडलं. आधी ती गावात फिरायची, आता गावाबाहेर फिरू लागली. सकाळी सिसवापर्यंत, दुपारी सिसवापर्यंत, संध्याकाळी पुन्हा. खोटं ती आयुष्यात बोलली नव्हती असं नाही. कोंबडीचं वय आणि मुलीचं वय सगळेच चुकीचं सांगतात. पण बडघरच्या काठीनं बोललेलं हे पहिलं खोटं. कुणी हाक मारली की दचकायची. फाइल जिल्ह्याला गेली, तिथून अजून पुढे जायची होती, आणि तोवर जीव टांगणीला.

सातव्या दिवशी सगुनी तिच्या दारात येऊन उभी राहिली. नऊवारी दुःख एका रात्रीत नेसल्यासारखी बाई. डोळे कोरडे, ओठ फुटलेले.

"काकी, तो घरी येतोय."

"कोण?"

"पोरांचा बाप. रोज पहाटे आवाज येतो गवताचा. धाकटी पण ऐकते. बरखूबाला विचारलं, तो म्हणाला चौथरा झाल्याशिवाय थांबणार नाही."

पतरानीला हे येणार हे ठाऊक होतं. वाघानं मारलेल्या माणसाला आमच्यात बघौत म्हणतात. जिथं तो पडला, बरोब्बर तिथंच मातीचा चौथरा घालून त्याला बसवावं लागतं, नाहीतर तो रानात, वाटेत, स्वतःच्याच अंगणात भटकत राहतो. मग गुरंही रानात जाईनात आणि माणसंही.

तिनं बरखूबाला गाठलं. म्हातारा गोठ्यात सुपारी कातरत होता.

"गुरुवाबा, सिसवाखाली घालू या चौथरा."

"सिसवाखाली कोण मेलं?"

"जोखन."

"मला तू पंचनामा सांगतेस?" म्हातारा वरही न बघता म्हणाला. "सरकारला कुठलाही पत्ता दे. मेलेल्याला चुकीचा पत्ता दिला तर तो बसेल कुठं? तुझ्या मांडीवर?"

"फाइल पास होऊ दे. महिनाभर थांबा. मग पलीकडे घालू."

"मी थांबीन. जोखनला विचार."

थांबायचं म्हणून पतरानी आणखी पाच दिवस थांबली. त्या पाच दिवसांत सगुनीच्या धाकटीला ताप चढला आणि पोर झोपेत "बाबा, आत ये ना" म्हणू लागली. बाराव्या दिवशी सकाळी पतरानीनं स्वतःच फावडं खांद्यावर टाकलं. ज्या कामात धोका आहे ते दुसऱ्याला करायला लावून आपण घरी राहावं, असं तिला कधी जमलंच नाही. तिघं खैरी उतरून गेली. सगुनीनं बोट दाखवलं. निउरो तिथं अजून दबलेला होता.

"लहानच घाला," पतरानी म्हणाली. "वीतभर."

बरखूबानं कंबरेएवढा घातला. वर मातीचा वाघ, मातीचा घोडा, शेंदूर, कोंबड्याची पिसं. मग पिशवीतून लाल ध्वजा काढली, चांगली हातभर.

"अहो गुरुवाबा, ध्वजा तरी बारीक लावा."

"बारीक लावली तर देवाला दिसेल का?"

"देवाला दिसू दे हो. ढकालला दिसायला नको."

"ते तुझं काम," म्हातारा म्हणाला आणि बांबू रोवून मोकळा झाला.

सगुनी चौथऱ्यासमोर बसली आणि बारा दिवसांत पहिल्यांदा रडली. पोटभर रडली. पतरानी नाल्याकडे तोंड करून येरझाऱ्या घालत राहिली, डोळ्यांत तेल घालून. त्या दिवसापासून धाकटीचा ताप उतरला. तो औषधानं उतरला की ध्वजेनं, यावर मी कुणाशी वाद घालणार नाही.

ध्वजा देवाला दिसली असेलच. गस्तीवाल्यांना चौथ्या दिवशी दिसली.

ढकाल साहेबांनी काकीला चौकीत बोलावलं. चहा मागवला. बसायला खुर्ची दिली, ती तिनं नुसती पाठीमागून धरून ठेवली. साहेबांनी मोबाइल पुढे केला. चौथऱ्याचा फोटो, मागे सेमल, वर ध्वजा फडफडतेय.

"काकी, तुमच्यात वाघानं मारलेल्याचा चौथरा कुठं घालतात?"

पंधरा वर्षं आमच्यात काढलेल्या माणसानं हा प्रश्न उत्तरासाठी विचारलेला नव्हता.

"तुम्हाला ठाऊक आहे, साहेब."

"तुमच्या तोंडून ऐकायचंय."

सिसवाचं झाड, सांडलेलं रक्त, आपली सही, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. अजून एक खोटं तोंडावर आलं होतं: चौथरा दुसऱ्याच कुणाचा, जुना. तेवढं बोलून कदाचित भागलंही असतं. पण मग जोखनला दुसऱ्यांदा हाकलल्यासारखं झालं असतं, आणि तो आता कुठं टेकला होता.

"जिथं माणूस मरतो तिथं घालतात," ती म्हणाली. "जोखन तिथंच मेला. सिसवाचं मी सांगितलं. बाकीच्यांनी माझ्या तोंडाकडे बघून सह्या केल्या. लिहायचं तर माझं एकटीचं लिहा."

साहेबांनी कपाळ चोळलं. "मला त्या दिवशीच कळलं होतं. मी डोळे मिटले, कारण घरात तीन पोरं आहेत. पण तुम्ही लोकांनी त्याच्यावर झेंडाच लावलात. आता सैनिकांनी रिपोर्ट केलाय. मी डोळे मिटून काय उपयोग?"

"मग आता?"

"आता तो घुसखोर. राहत नाही, कार्ड जाणार. सगुनीही आत होती, तिचंही नाव येणार. आणि खोट्या पंचनाम्याचं तुमच्यावर. उद्या जागेवर चला, नवीन करावा लागेल."

त्या संध्याकाळी तिनं गाव गोळा केलं आणि जे झालं ते सांगितलं. फिरुलाल तेवढा बोलला, कारण तो बोलायला मोकळा होता.

"मी असतो तर चौथरा पंचनाम्याआधी घातला असता, नाहीतर फाइल पास झाल्यावर. दोन्हींच्या मधे घालायची अक्कल बाईचीच."

पतरानी काही बोलली नाही. तिची जीभ गप्प राहिलेली गावानं पहिल्यांदा पाहिली, आणि ते लोकांना तिच्या खोट्यापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौथऱ्यापाशी सगळे जमले: ढकाल साहेब, दोन सैनिक, सगुनी, बरखूबा, गावचे आठ-दहा. साहेब दगडावर बसून लिहू लागले. "स्थळ, खैरी नाल्यापलीकडे, निकुंजाच्या आत..." सगुनी चौथऱ्याला पाठ टेकून बसली होती. नाव घुसखोरांच्या वहीत चढताना माणूस ऐकत असेल का, असं ती बरखूबाला विचारत होती.

"बसा ना काकी," साहेब म्हणाले.

ती कुठली बसतेय. दहा पावलं इकडे, दहा पावलं तिकडे. सेमलापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. सेमलाच्या बुंध्याला मोठी ढोली होती, आणि ढोलीच्या तोंडाशी साल खरवडून गुळगुळीत झालेली. तिनं त्यावर हात ठेवला आणि हात तिथंच राहिला.

ही ढोली तिची ओळखीची होती. वीस-तीस वर्षांपूर्वी याच ढोलीत सहा बायकांच्या भाकऱ्यांची गाठोडी ठेवली होती. खांब टांगलेला बांबू याच बुंध्याला टेकवून त्या दम खायला थांबल्या होत्या. खांब घेऊन त्या गावातून इथवर आल्या होत्या आणि पाय कोरडे होते. पाणी ओलांडलंच नव्हतं. पाणी तेव्हा सेमलाच्या पुढे होतं.

ती सेमलाच्या पलीकडे चालू लागली, मग पळू लागली.

"काकी, तिकडे नको, रान दाट आहे," सैनिक ओरडला. ती थांबली नाही. गवतात वाकून हातानं चाचपत राहिली. कुणाला काही कळेना. फिरुलाल म्हणाला, "गेलं डोकं." मग तिचा आवाज आला, "फावडं आणा."

वाळूत वीतभर खाली सिमेंटचा माथा लागला. सैनिकानं आणि तिनं मिळून खणला. कोपरा तुटलेला, लाल रंग उडालेला, पण कोरलेला आकडा बोटाला लागत होता. दोन आणि सात. सत्तावीस.

ढकाल साहेबांनी नकाशा काढला. मोबाइलवर बघितलं, नकाशावर बघितलं, पुन्हा मोबाइलवर. मग चौथऱ्याच्या ध्वजेकडे बघितलं.

"साहेब, बोला की," पतरानी म्हणाली.

"हद्द खांबांवरून आहे," साहेब हळू म्हणाले. "राजपत्रात खांबच लिहिलेत. नाला कुठंच नाही. मोठ्या पुरात नाला इकडे सरकला, खांब वाळूत गेले, आणि आम्हीही पाण्यालाच हद्द समजत राहिलो. चौथरा खांबाच्या अलीकडे आहे. ही जागा तुमचीच, सामुदायिक वनाची."

आमच्यात पाणी हीच हद्द. नदी सरकली की शेत सरकतं. नदीशी भांडायला कोण जाणार, म्हणून माणूस दुसऱ्या काठावर नांगर धरतो. त्या पुरानंतर गावानं एका शब्दानं न विचारता पलीकडचं रान सोडून दिलं आणि वर्षानुवर्षं आपलाच निउरो चोरासारखा खुडला. सैनिक काठीनं हाकलायचे, आम्ही पळायचो. दोघंही पाणी बघत होतो.

पतरानी खांबाच्या खड्ड्यात उभी होती. तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तो खांब तिच्या स्वतःच्या खांद्यावरून आला होता. गावात एकाच बाईला ठाऊक होतं की हद्द कुठं आहे, आणि त्या सकाळी तिनं आठवायच्या ऐवजी खोटं बोलून टाकलं. खरं बोलली असती तरी सगुनीला सगळं मिळालं असतं. खोट्याची गरजच नव्हती. हे तिला इतकं लागलं की तिनं दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"मग लिहा साहेब, नवीन," ती शेवटी म्हणाली. "खरा."

साहेबांनी पेन उघडलं नाही. "लिहीन. पण आधीचा खोटा होता हेही मला लिहावं लागेल. आणि नव्यावरही पहिली सही बडघरची लागते. वरचा माणूस विचारेल, जिनं सिसवाखाली सही केली तीच इथंही करतेय, तर आज खरी कशावरून? फाइल तिथंच पडेल. राहतीच्या अर्जाच्या मुदतीला अकरा दिवस उरलेत, काकी. माझ्या हातात असतं तर..."

बडघर माघीलाच बदलतो. आजोबांच्या आजोबांपासून चैतात कुणी काठी दिलेली नाही. बडघर मेला तरी त्याची काठी माघीपर्यंत त्याच्या दाराला टेकवून ठेवतात. पतरानीला हे कुणी सांगायची गरज नव्हती. ती खड्ड्यातून वर आली आणि चौथऱ्याला टेकवलेली काठी उचलली. तिनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सिसवाखाली सही न केलेला, अंगठा लावायला तयार असलेला, गावानं कधीतरी मानलेला माणूस एकच होता.

"फिरुलाल, इकडे ये."

"मी?" फिरुलालनं मागं वळून पाहिलं. "काकी, हे असं चैतात... गाव काय म्हणेल?"

"गाव इथंच उभंय. म्हणायचं ते म्हणेल." तिनं काठी पुढे केली. "घे. मी सांगितलं म्हणून नको करूस. चौथरा बघ, खांब बघ, आणि मग सही कर."

दोन वर्षं ज्या काठीसाठी तो तिला पाण्यात बघत होता, ती हातात घेताना त्याला सुख झालं नाही, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं. त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली आणि खाली मान घालून म्हणाला, "कुत्री हाकायला तूच बरी होतीस."

"तुझ्या मागे हिंडेन की," ती म्हणाली.

साहेबांनी पानं पालटली. स्थळ पुन्हा लिहिलं. मग बॅगेतून लांब टेप काढली. "खांबापासून चौथऱ्यापर्यंत मोजायचं. शून्याचं टोक कोण धरतंय?"

सैनिक पुढे झाला. पतरानीनं त्याला बाजूला केलं. ती पुन्हा खड्ड्यात उतरली, वाकली, आणि टेपचं टोक सत्तावीस नंबरच्या तुटक्या कोपऱ्याला दाबून धरलं. सेमलाला वळसा नको म्हणून साहेब टेप ओढत बाजूनं गेले. पाठोपाठ फिरुलाल, काठी घेऊन.

"हलू नका काकी," साहेब लांबून म्हणाले.

ती हलली नाही. पायांवरून मुंग्या चढल्या, ऊन मानेवर आलं, गवतात काहीतरी सळसळलं आणि दोन्ही सैनिकांनी बंदुका सावरल्या. बेलभरियाच्या लोकांनी तिला आयुष्यात पहिल्यांदा उभ्या जागी थिजलेली पाहिली. तिचे ओठ तेवढे हलत होते. ती काय म्हणत होती ते कुणाला ऐकू आलं नाही.

"बासष्ट मीटर," साहेबांनी आवाज दिला. "निकुंजाच्या बाहेर."

फिरुलालनं सही केली. सगुनी उठली, साहेबांच्या समोर जाऊन उभी राहिली. "म्हणजे माझा माणूस चोर नव्हता?"

"नव्हता बाई. आपल्याच रानात होता."

सगुनीनं चौथऱ्याकडे वळून तेच त्याला सांगितलं, घरातल्या माणसाला निरोप द्यावा तसं, हळू आवाजात. साहेबांनी खाली हजर असलेल्यांची नावं लिहायला घेतली. पंच, बडघर, सैनिक. शेवटी एक रकाना उरला, मोजणीला मदत करणाऱ्याचा. त्यात त्यांनी लिहिलं, पतरानी थारू, मजूर.

मग ते टेप गुंडाळू लागले. टेप ताणली गेली, पण येईना.

"झालं काकी, सोडा आता."

तिनं ऐकलं नसावं. त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं.